गाडीच्या काचेवरचा डाग आणि दाढीचे पाते

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या काचेवरचे चिवट डाग घरच्या घरी कसे काढावेत, याविषयी अर्धा रकाना मजकूर आला आहे. डाग कोणताही असो, तो दाढीच्या नव्या पात्याने खरवडावा, उरलासुरला टूथपेस्टने घासावा आणि शेवटी वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदाने काच पुसून घ्यावी, असा एकच इलाज त्यात सगळ्या दुखण्यांवर सांगितला आहे. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक होतो. काचेची भांडी धुणे हे त्या नोकरीतले निम्मे काम, आणि चंचुपात्राच्या तळाला बसलेला थर कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही तिथली पहिली शिस्त. चुन्याचा थर आम्लाने जातो, तेलकट थर साबणाने जातो, डिंकासारखा चिकट थर या दोन्हींना दाद देत नाही. त्याला तेल किंवा स्पिरिट लागते. गाडीच्या काचेचे शास्त्र याहून वेगळे नाही. आपल्या मजकुरात नेमकी हीच पहिली पायरी गाळली गेली आहे, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण पाते चालवण्यापूर्वी कुणी वाचले तर एखादी काच वाचेल.

पात्याविषयीचा माझा राग पुस्तकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि ४ मे २०१२ पासून ती अमलात आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमानुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. हा नियम १९८९ पासूनचा. पण तो आपल्या सगळ्यांना आठवला तो त्या मे महिन्यात, चौकाचौकांत पावत्या फाटू लागल्यावर. माझ्याही गाडीला फिल्म होती आणि ती सहा-सात वर्षांची, उन्हाने कडक झालेली होती. रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेल्या एका पोराने भर दुपारी ती ओरबाडून काढली. वरचा पापुद्रा तेवढा निघाला आणि खालचा डिंक चारही काचांना तसाच राहिला, त्यावर तासाभरात धूळ बसली आणि गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखे दिसू लागले. "काका, आता हे पात्यानेच निघते जी," असे म्हणत त्याने मागच्या काचेवर आतून पाते फिरवले. काच स्वच्छ झाली खरी, मीही त्याला वर वीस रुपये दिले.

त्या पात्याची किंमत मला जानेवारीत कळली. उमरेड रोडवर पहाटे धुके होते, मागच्या काचेवरचा दव घालवण्यासाठी मी डिफॉगरचे बटण दाबले, तेव्हा सगळी काच हळूहळू मोकळी झाली आणि मधोमध तीन आडवे पट्टे मात्र पांढरे ते पांढरेच राहिले. मागच्या काचेवर ज्या तांबूस रेघा दिसतात, त्या काचेच्या पोटात नसतात. चांदीयुक्त लेप आतल्या पृष्ठभागावर छापून भट्टीत पक्का केलेला असतो आणि त्यातून वीज वाहिली की रेघ तापते. रेघ एका जागी तुटली की ती अख्खी निकामी होते. तुटलेली जागा जोडण्याचा लेप बाजारात मिळतो, मी लावूनही पाहिला. एक रेघ जगली, दोन गेल्या त्या गेल्याच. तेव्हा मागच्या काचेला आतून पाते लावणे म्हणजे विजेच्या उघड्या तारेवर सुरी चालवणे आहे, आणि आपल्या मजकुरात त्याचा साधा उल्लेखही नाही.

आता डिंकाकडे येतो, कारण सर्वांत जास्त काचा त्याच्यापायी खराब होतात. स्टिकरच्या आणि फिल्मच्या पाठीवरचा डिंक हा बहुधा अॅक्रिलिक जातीचा असतो. लांबलचक साखळ्यांचे रेणू एकमेकांत गुंतलेले. व्हिनेगर किंवा लिंबू त्याचे काही वाकडे करू शकत नाही, तरीही लोक त्यावर लिंबाची अर्धी फोड घासत बसतात. त्याला सैल करतात दोन गोष्टी: ऊब आणि तेलाच्या कुळातला द्रव. स्टिकर काढायच्या आधी केस वाळवण्याच्या यंत्राने तो कोमट केला आणि कोपऱ्यापासून काचेला जवळजवळ चिकटून, सावकाश, मागे दुमडत ओढला, तर निम्म्याहून अधिक डिंक स्टिकरसोबतच निघून येतो. काटकोनात झटका दिला की कागद हातात आणि डिंक काचेवर. उरलेल्यावर खोबरेल तेलात भिजवलेला कापूस अर्धा तास चिकटवून ठेवावा आणि मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकलावा. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी तेल बाटलीतच गोठलेले असते, तेव्हा आधी बाटली उन्हात ठेवायला विसरू नये.

पण नागपूरकराने याहून चांगल्या गोष्टीसाठी बाजारात जाण्याचे कारण नाही, ती त्याच्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात असते. संत्र्याच्या सालीत जे तेल असते त्याचा बहुतांश भाग लिमोनीन नावाचा द्रव आहे, आणि डिंक काढण्याच्या परदेशी बनावटीच्या महागड्या बाटल्यांत अनेकदा तोच असतो. लहानपणी आपण सालीची चिमट करून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी मारायचो, किंवा फुगवलेल्या फुग्यावर साल पिळून तो फोडायचो. फुगा फुटायचा तो या तेलामुळे रबर कमजोर झाल्याने. मागच्या महिन्यात आंबिया बहाराची शेवटची संत्री घरात होती, तेव्हा समोरच्या काचेवरून काढलेल्या जुन्या फास्टॅगच्या खुणेवर मी हा प्रयोग केला. बँक बदलल्याने जुना टॅग काढावा लागला होता आणि त्याच्या जागी बोटभर लांबीचा, धुळीने काळपट झालेला चौकोन उरला होता. ताज्या सालीची बाहेरची, नारिंगी बाजू त्यावर दाबून पिळली, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा पिळली. दुसऱ्या खेपेला चौकोनाची कड सुरकुतली आणि अंगठ्याच्या पेराने ढकलताच डिंकाच्या शेवयांसारख्या बारीक वळकट्या होऊन खाली डॅशबोर्डवर पडू लागल्या. चार फळांच्या साली लागल्या. त्यानंतर त्या जागी तेलाचा ओशटपणा राहतो, तो भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्याने धुवावाच लागतो, नाहीतर रात्री समोरच्या गाडीचा दिवा तिथे फुटून दिसतो. शिवाय फुग्याची गोष्ट लक्षात ठेवून हे तेल काचेच्या कडेच्या रबराला लागू देऊ नये.

फिल्म काढलेल्या मोठ्या काचेला मात्र संत्री पुरणार नाहीत, पेटी आणावी लागेल. तिथे आपल्या दैनिकाचा खरा उपयोग आहे, आणि तो कोरड्या कागदाचा नव्हे, ओल्या कागदाचा. काचेवर साबणाचे कोमट पाणी फवारावे, वर्तमानपत्राची दोन पाने त्यावर चिकटवून पुन्हा भिजवावीत, वरून प्लास्टिकचा कागद लावावा आणि गाडी तासभर कोवळ्या उन्हात ठेवावी. कागद पाणी धरून ठेवतो, डिंक फुगतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने साईसारखा गोळा होतो. मागच्या काचेवर रेघांच्या दिशेने, आडवे पुसावे. उभे कधीच नाही. माझ्या त्या चार काचा तशा साफ झाल्या असत्या, एवढे मला २०१२ मध्ये सुचले नाही याची खंत अजून आहे, कारण प्रयोगशाळेत बाटल्यांवरची लेबले मी वर्षानुवर्षे अशीच भिजवून काढत होतो.

रॉकेल, पेट्रोल आणि थिनर यांचा सल्ला प्रत्येक गॅरेजात मिळतो. थिनर आणि नखांचे पॉलिश काढण्याचा द्रव डॅशबोर्डवर किंवा रंगावर ओघळला की तिथे कायमचा डाग पडतो, हे एक. दुसरे जास्त गंभीर आहे. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला ज्वलनबिंदू म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो. औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल स्पिरिटचा बारा अंशांच्या आसपास आहे आणि पेट्रोलचा तर शून्याच्याही कितीतरी खाली. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीच्या आत तो त्याहून कितीतरी चढतो. म्हणजे दुपारी काचा बंद करून आत बसून कुणी रॉकेलच्या बोळ्याने काच पुसत असेल तर तो पेटू शकणाऱ्या वाफेत बसलेला असतो. संत्र्याच्या तेलालाही हे लागू आहे. मेणबत्तीच्या ज्योतीवर साल पिळली की ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. म्हणून यांतले काहीही वापरायचे तर सकाळी, चारही दारे उघडी ठेवून, बोळ्याला लागेल एवढेच, आणि विडी-सिगारेट दूर.

डिंकाखालोखाल आपल्या शहराचे दुखणे म्हणजे पाण्याचे पांढरे डाग. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी येते, पण गाडी धुवायला बहुतेक ठिकाणी बोअरवेलचेच वापरतात, आणि खडकात मुरलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब काचेवर वाळतो, पाणी उडून जाते आणि क्षार गोल कड्याच्या रूपाने मागे राहतात. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या काचेवर असे शेकडो ठिपके पडले होते, आणि उजवी काच लख्ख. बरेच दिवस मी धुणाऱ्या पोराला बोल लावत होतो. मग एका संध्याकाळी पोर्चमध्ये उभा असताना गालावर तुषार उडाले आणि वर पाहिले, तर खिडकीतला माझाच कूलर. कूलरच्या टाकीतले पाणी दिवसभर खसाच्या ताट्यांतून फिरते, त्यातले पाणी हवेत उडते आणि क्षार टाकीतच राहतात. आपण वरून नवे पाणी ओततो, जुने काढत नाही, म्हणून दर आठवड्याला ते अधिकाधिक खारे होत जाते. टाकीच्या काठावर जी पांढरी खरपुडी जमते, तीच माझ्या काचेवर थेंबाथेंबाने बसत होती.

याच जातीची आणखी एक चूक मी आमच्या गल्लीत रोज पाहतो आणि ती चांगल्या हेतूने होते, म्हणून बोलायला जीभ रेटत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुणे. पाणी वाचवण्याची तळमळ योग्य आहे, पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढून टाकलेले क्षार त्याच बादलीत आलेले असतात. त्या पाण्याने फरशी पुसावी, अंगण धुवावे. गाडीची चाके आणि खालचा भागही धुवायला हरकत नाही. काचेला मात्र शेवटचा हात साध्या पाण्याचा द्यावा आणि थेंब वाळायच्या आत कोरड्या कपड्याने टिपून घ्यावा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते गाळून वायपरच्या टाकीत भरले तर काचेवर पाणी उडवणारी बारीक छिद्रेही चुन्याने तुंबत नाहीत. मी दोन वर्षे हेच करतो आहे.

पांढऱ्या डागावर पाते किंवा टूथपेस्ट कशाला हवी? किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर, किंवा अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, बस. आधी एक थेंब डागावर सोडून जवळून पाहावे. कड्याच्या काठावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे उठले तर डाग चुन्याचा आहे हे नक्की झाले, आणि औषधही सापडले. त्याच द्रावणात भिजवलेला कपडा सावलीत दहा मिनिटे काचेवर ठेवावा, पुसावे, लागल्यास पुन्हा ठेवावे, शेवटी भरपूर पाण्याने धुवावे. ते क्रोमच्या पट्ट्यांवर आणि रंगावर रेंगाळू देऊ नये. संडास साफ करण्याचे अॅसिड वापरणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याने डाग जातो, पण सोबत धातूच्या पट्टीची चमक आणि कधीकधी रंगही जातो. एवढे करूनही बोटाला गुळगुळीत लागणारी, पण तिरप्या उजेडात दिसणारी पुसट वर्तुळे राहिली, तर तो डाग उरलेला नाही, काचच खाल्ली गेली आहे असे समजावे. उन्हात महिनोन्महिने भाजलेल्या क्षारांनी काचेचा पृष्ठभाग कोरला जातो. त्यावर सिरियम ऑक्साइडची भुकटी आणि फिरते यंत्र घेऊन पॉलिश करणारे कारागीर आहेत, पण समोरची काच जास्त घासली तर ती लहरी होते आणि रस्ता तिच्यातून पाण्यात पाहिल्यासारखा हलतो; ते काम घरी करू नये.

सिमेंटचे शिंतोडे हा याच आजाराचा उग्र अवतार. आपल्या शहरात गेली कित्येक वर्षे कुठला ना कुठला रस्ता सिमेंटचा होत असतो, कुठे पुलाचे काम असते, आणि त्याखालून जाताना काचेवर राखाडी थेंब पडले की लोक घरी गेल्यावर पाहू म्हणतात. ओले सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते, ते नुसते चिकटत नाही, काचेशी जुळते. थेंब ओला असताना पिण्याच्या बाटलीतले अर्धे पाणी त्यावर ओतले तर पाच सेकंदांत निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याला व्हिनेगरमध्ये वारंवार भिजवत बसावे लागते आणि आठवडा गेला की तिथे खड्डा राहतो.

झाडाखालच्या चिकट्याचे फार अवघड नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहर आला की तुडतुड्यांचा गोड स्राव खालच्या गाडीवर बारीक तुषारांसारखा पडतो, तो मुळात साखरेचा असल्याने कोमट पाण्यात विरघळतो. फक्त त्यावर धूळ बसून काळी बुरशी येण्याआधी धुवावा. पक्ष्यांच्या विष्ठेवर ओला कपडा दहा मिनिटे झाकून ठेवावा आणि उचलून घ्यावा, घासू नये. समृद्धी महामार्गावरून रात्री येणाऱ्यांना किड्यांचा त्रास माहीत आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईच्या बाजूपर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, आणि पावसाळ्यानंतर तर काचेवर अक्षरशः किड्यांची रांगोळी निघते. तिच्यावर कोरडा वायपर फिरवणे ही सगळ्यांची चूक, त्याने सगळे पसरते. थांब्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल पाच मिनिटे काचेवर पसरून ठेवला, तर उरलेल्या प्रवासात रस्ता दिसतो.

आता टूथपेस्ट आणि कोरडा कागद. काचेचा कठीणपणा मोह्सच्या मापनश्रेणीत (आकडा जितका मोठा, तितका पदार्थ कठीण) साडेपाच ते सहाच्या दरम्यान असतो, वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. म्हणजे काचेवर धुळीचा एक कण असताना त्यावर कागद, कपडा किंवा पाते काहीही कोरडे दाबून फिरवले, तर ओरखडा काढणारी वस्तू तुमच्या हातातली नसून तो कण असतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांवर वीज केंद्रांची राख बसते, तिच्यात तर सिलिका आणि अॅल्युमिना हे कठीण पदार्थच मुख्य. तिथल्या माणसाने सकाळी उठून कोरड्या कागदाने काच पुसली की त्याने ती बारीक पॉलिश पेपरने घासल्यासारखेच झाले. टूथपेस्टमध्येही घासणारी भुकटीच असते. ती दातांसाठी मोजून घातलेली आहे, काचेसाठी नाही. आधी भरपूर पाणी, मग साबण, मग औषध, हा क्रम सोडू नये.

पाते अजिबात वापरू नये असे मी म्हणणार नाही. बाहेरच्या बाजूला, समोरच्या काचेवर, वाळलेल्या रंगाचा एखादा घट्ट थेंब असेल तर काच साबणाच्या पाण्याने ओलीचिंब ठेवून, कोरे पाते हँडलमध्ये बसवून, तिरपे धरून एकाच दिशेने पुढे ढकलावे. मागे ओढू नये, कारण सुटलेला कण परतीच्या वाटेवर पात्याखाली सापडतो. बाजूच्या काचा भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कधीकधी काचेचेच सूक्ष्म कण चिकटून भाजलेले असतात. पाते त्यांच्यावर आपटले की तो कण सुटतो आणि लांब रेघ ओढत जातो. मी तिथे प्लास्टिकच्या पट्टीपुढे जात नाही.

उन्हाळ्यात आतून काचेवर जो धुरकट, ओशट थर येतो आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती खळे पाडतो, त्यालाही लोक बाहेरूनच घासत राहतात. तो बराचसा तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून बाहेर पडणाऱ्या तेलकट वाफेचा असतो. निम्मे पाणी आणि निम्मे स्पिरिट, दोन स्वच्छ कपडे, एक ओला नि एक कोरडा, एवढ्यावर भागते.

इतका वेळ डाग काढण्याविषयी लिहिले, पण डाग लावणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे एक स्टिकर काचेवर असणारच. नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटीसोबत तिसरे नोंदणी चिन्ह (नोंदणी क्रमांकाचे स्टिकर) समोरच्या काचेला लागते, पेट्रोल आणि सीएनजीला फिक्या निळ्या रंगाचे, डिझेलला नारिंगी. ते काढायला गेले की फाटते, म्हणून साफसफाईच्या भरात त्याच्या वाटेला जाऊ नये. हे दोन कायद्याचे. पण त्यापलीकडे गृहसंकुलाचा, क्लबचा, मुलांच्या शाळेचा, कुठल्या मेळाव्याच्या पार्किंगचा, असे दरवर्षी नव्या रंगाचे स्टिकर लावण्याची जी हौस आहे, तिची काही गरज नाही. ज्या प्लास्टिकला डिंकच नसतो आणि जे नुसते दाबून काचेला बसते, अशा स्टिकरवर तोच मजकूर छापता येतो.

गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकांना भेटायला मी एका वसाहतीत गेलो होतो. पाहुण्यांची जागा भरलेली, म्हणून गाडी फाटकाबाहेर भिंतीला लावली. दीड तासाने परत आलो तर चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर, समोरच्या काचेवर 'येथे वाहन उभे करू नये' असा वितभर लांबीचा छापील कागद डकवलेला. चूक माझी असेल, दंड मागितला असता तर दिला असता. पण तो कागद स्वतःच्या डिंकाचा होता, पावसात भिजून वरचा थर निघाला आणि खालचा पांढरा लगदा तसाच राहिला. वायपर चालवताच तो लगदा आणि डिंक काचभर पसरले. अंधार पडलेला, पाऊस चालू, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून एका किराणा दुकानापर्यंत गाडी आणली. तिथल्या बाईंनी मला भांडी धुण्याचा साबण आणि घासणीची मऊ बाजू दिली, पैसे घेतले नाहीत. पूर्वी अशा नोटिसा कणकेच्या खळीने लावत, ती निदान गरम पाण्याने सुटायची. महानगरपालिका, वाहतूक शाखा, गृहसंकुले आणि रुग्णालयांचे सुरक्षा रक्षक या सर्वांना आपल्या स्तंभातून विनंती आहे की, नोटीस द्यायचीच तर ती वायपरखाली खोचावी. कागद तिथेही तितकाच दिसतो.

पुरवणीच्या संपादकांना माझे सांगणे एवढेच आहे की, पात्याचा सल्ला मागच्या काचेच्या आतल्या बाजूला आणि बाजूच्या काचांना लागू नाही, तसेच काच कोरडी असताना ती कशानेही घासू नये, असा खुलासा त्याच जागी, त्याच आकारात छापावा. होळी झाली की शहरभर कूलर बाहेर निघतील, त्याआधीच्या एखाद्या रविवारी तो आला तर उपयोग होईल. टाकीतले पाणी दर आठवड्याला उपसण्याचे मी माझ्यापुरते सुरू केले आहे, आणि गाडी आता पोर्चच्या उजव्या बाजूला लावतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
प्रतापनगर, नागपूर